डेनॉन डीएल-१०३ ला कोणता स्टेप-अप शांत पडेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्नटेबलवर नुकतीच डेनॉन डीएल-१०३ ही मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी, कार्ट्रिज (सुई आणि कॉइल असलेला, रेकॉर्ड वाचणारा भाग) बसवली आहे, पण ॲम्प्लिफायरचं फोनो इनपुट फक्त मूव्हिंग मॅग्नेटसाठी आहे, म्हणजे एमएम. मध्ये सिग्नल वाढवणारा कोणता 'स्टेप-अप' डबा जोडायचा? एका स्नेह्यांकडे १:३० चा, म्हणजे सिग्नल तीसपट करणारा, ट्रान्सफॉर्मर पडून आहे आणि 'गेन जितका जास्त तितका आवाज भरीव' असं ते म्हणतात. शिवाय पुढेमागे ऑर्टोफोनची एसपीयू ही दुसरी एमसी कार्ट्रिज घ्यायची इच्छा आहे, म्हणून दोघींना चालेल असा एकच, सगळ्यात शांत डबा तुम्हाला हवा आहे. आणि केबल कशा घ्यायच्या, हेही विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. डीएल-१०३ ला १:१० चा, तांब्याचा रोध कमी असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या. स्नेह्यांचा १:३० चा परत करा, किंवा एसपीयू येईपर्यंत कपाटात ठेवा. दोन्ही कार्ट्रिजना एकसारखा शांत ठरेल असा एकच डबा मिळणार नाही. तो कोणी बनवत नाही म्हणून नव्हे; एकीचा अंतर्गत रोध ४० ओहम आणि दुसरीचा २ ओहम, म्हणून. कोणता स्टेप-अप शांत हे कोणत्या कार्ट्रिजसाठी ते कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि जाहिरातीत 'अल्ट्रा लो नॉइज' लिहिलेलं असतं तिथे नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते.

पण खर्च करण्याआधी आज रात्री एक काम करा. सध्या तुमच्या स्पीकरमधून जो आवाज येतोय तो हिस आहे की हम, ते ठरवा. टोनआर्म वर उचललेला, रेकॉर्ड फिरत नाही, व्हॉल्यूम नेहमी ऐकता तिथे. ट्वीटरजवळ कान नेल्यावर सलग 'शूंऽऽ' ऐकू आलं तर ती हिस. वूफरमधून 'घूंऽऽ' येत असेल तर तो हम, आणि त्यात चिरचिर मिसळली असेल तर ती बहुधा घरातल्या एलईडी दिव्यांची किंवा डिमरची. हिसवर इलाज गणिताचा आहे, हमवर इलाज वायरिंगचा आणि जागेचा. लोक हम घालवायला महागडे लो-नॉइज डबे आणतात आणि हम होता तिथेच राहतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फोनो स्टेजपैकी (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणारी सर्किटं) बऱ्याच मुळात बिघडलेल्या नसतातच.

आता हिस. कार्ट्रिजची कॉइल ही तांब्याची तार आहे, तिला रोध आहे, आणि कुठल्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेने अस्वस्थ असतात. त्या हालचालीचा जो व्होल्टेज तयार होतो तोच तुमच्या हिसचा तळ. कंपनी कोणतीही असो, किंमत कितीही असो, त्याच्या खाली जाता येत नाही. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, ४० ओहमचा हा गोंगाट साधारण ०.८१ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ भरतो. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात धरला तर ११५ नॅनोव्होल्ट. डीएल-१०३ चा सिग्नल आहे ०.३ मिलिव्होल्ट. भागाकार करा, डेसिबलमध्ये मांडा: ६८. म्हणजे डबा लावण्याआधीच, निव्वळ कार्ट्रिजपाशी, तुमच्या हातात ६८ डेसिबल आहेत. रिआ इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्ड कापताना बदललेला सूर-समतोल फोनो स्टेजमध्ये परत जागेवर आणणं, वरच्या फ्रिक्वेन्सी दाबतं म्हणून प्रत्यक्षात काही डेसिबलचा फायदा मिळतो, पण तो सगळ्याच कार्ट्रिजना सारखा मिळतो, त्यामुळे तुलनेत तो बाजूला ठेवू.

या ६८ मधून डबा किती खातो, एवढाच आपला प्रश्न. तो सोडवायला मी एक सोपी रीत वापरतो: गोंगाट करणारी प्रत्येक गोष्ट ओहममध्ये बदलून घ्यायची. ॲम्प्लिफायरच्या डेटाशीटमध्ये नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ असा आकडा असतो. त्याचा वर्ग करा आणि ६० ने गुणा. येईल तो त्या ॲम्प्लिफायरचा 'गोंगाटी रोध'. तुमच्या ॲम्प्लिफायरसारख्या एमएम इनपुटांत अनेकदा दिसणारा एनई५५३४ए हा ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) घ्या. त्याचा आकडा ३.५ नॅनोव्होल्ट, म्हणजे सुमारे ७३५ ओहम. ४० ओहमच्या कार्ट्रिजसमोर ७३५ ओहमचा गोंगाट. थेट जोडलात तर जवळजवळ १३ डेसिबल गेले. एमएम इनपुटचा व्हॉल्यूम नुसता वाढवून एमसी कार्ट्रिज वाजवली की हिसच हिस का ऐकू येते, त्याचं कारण हे.

ट्रान्सफॉर्मर इथे काय करतो? १:१० चा ट्रान्सफॉर्मर सिग्नल दहापट करतो आणि स्वतः जवळपास काहीच गोंगाट घालत नाही, त्यामुळे मागच्या ऑप-ॲम्पचे ७३५ ओहम कार्ट्रिजच्या बाजूने पाहिले तर शंभराने भागले जातात: ७.४. पण तांब्याचा रोध फुकट नाही. समजा प्रायमरी वाइंडिंग (कार्ट्रिजकडची) ५ ओहम आणि सेकंडरी (ॲम्प्लिफायरकडची) ८०० ओहम. सेकंडरीचे ८०० ही शंभराने भागायचे, ८ होतात. एकूण तांबं १३ ओहम. ऑप-ॲम्पला करंट नॉइजही असतो, त्याचे धरा ३ ओहम. एमएम इनपुटमध्ये असणाऱ्या ४७ किलो-ओहमच्या रोधाचा गोंगाट आणखी ६. सगळं मिळून ३० ओहमच्या आसपास. कार्ट्रिजचे ४० अधिक हे ३०, भागिले ४०: २.४ डेसिबलचं नुकसान. ६८ चे ६६ राहिले. तुमच्या साध्यासुध्या एमएम इनपुटसह हे फार चांगलं आहे, आणि म्हणूनच डीएल-१०३ वाल्यांना माझा पहिला सल्ला ट्रान्सफॉर्मरचा असतो.

आता हाच १:१० चा ट्रान्सफॉर्मर एसपीयूला लावा. तिचा रोध २ ओहम, सिग्नल ०.२ मिलिव्होल्ट. कार्ट्रिजपाशी तिचा तळ ७८ डेसिबलला आहे, डीएल-१०३ पेक्षा जवळजवळ १० डेसिबल शांत. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण तिचा सिग्नल कमी आहे. पण २ ओहमच्या पुढे १३ ओहमचं तांबं आणि ७.४ चा ऑप-ॲम्प ठेवला की १० डेसिबलहून जास्त तिथेच जातात. उरले ६७. म्हणजे लाखाच्या घरात जाणारी कार्ट्रिज आणून तिचा सगळा शांतपणा त्या वाइंडिंगमध्ये घालवला. उलट १:३० चा, प्रायमरी अर्धा ओहम आणि सेकंडरी ३०० ओहमच्या आसपास असलेला ट्रान्सफॉर्मर तिला लावा: तांबं एक ओहमपेक्षा कमी, ऑप-ॲम्पचे ७३५ आता ९०० ने भागले जातात म्हणून तेही एकपेक्षा कमी, नुकसान ३ डेसिबल, हातात ७५. तुमच्या दोन कार्ट्रिजना दोन ट्रान्सफॉर्मर लागतात ते या हिशेबामुळे. काही ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी दोन-चार भागांत गुंडाळलेली असते, ते भाग एकापुढे एक किंवा समांतर जोडून गुणोत्तर बदलता येतं. स्वीडनच्या लुन्डाल कंपनीची अशी रचना प्रसिद्ध आहे. समांतर जोडल्यावर तांबंही कमी होतं, त्यामुळे ही तडजोड बरी. पण जोडणी दर वेळी डाग (सोल्डर) लावून बदलावी लागेल किंवा स्विच घालावा लागेल, आणि ०.२ मिलिव्होल्टच्या वाटेत स्विच घालायला मी नाखूश असतो.

स्नेह्यांचं 'गेन जास्त तेवढं चांगलं' हे तपासू, कारण यात खरी गंमत आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो तसा मागचा ४७ किलो-ओहमचा लोड (कार्ट्रिजला समोर दिसणारा इनपुटचा रोध) गुणोत्तराच्या वर्गाने लहान करून कार्ट्रिजला दाखवतो. १:१० ला कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात, १:२० ला साधारण ११८, १:३० ला ५२, १:३६ ला ३६. आता ४० ओहमची कार्ट्रिज ४७० वर चालवली तर तिच्या स्वतःच्या रोधात थोडाच सिग्नल अडतो, एमएम इनपुटला २.८ मिलिव्होल्ट मिळतात. १:२० ला ४.५. आणि १:३६ ला? छत्तीसपट नव्हे, सतरापट. ५.१ मिलिव्होल्ट. म्हणजे गुणोत्तर जवळजवळ दुप्पट केलं आणि हातात आला सव्वा डेसिबल. बाकीचा अर्धा सिग्नल कार्ट्रिजच्या कॉइलमध्येच जिरला. ४० ओहमच्या कार्ट्रिजला साधारण १:३४ च्या पुढे गेलात की व्होल्टेज उलट उतरायला लागतो. डेनॉन स्वतः या कार्ट्रिजला १०० ओहम किंवा त्याहून जास्त लोड द्यायला सांगते. १:३० वर तुम्ही निम्म्यावर आलात. त्यात अशा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला वळसे कमी, म्हणून इंडक्टन्स कमी, आणि ४० ओहमचा स्रोत त्याला पेलत नाही: खालचा बास ढासळतो. तबल्याचा डग्गा ऐका, लगेच कळेल. 'भरीव' तर सोडाच, आवाज पोकळ होईल.

१:१० की १:२०, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यात मतभेदाला जागा आहे. १:२० ला गेन जास्त, मागच्या एमएम स्टेजचा गोंगाट आणखी झाकला जातो, लोड ११८ म्हणजे डेनॉनच्या सांगण्याच्या आतच. पण तांबं आणि लोड यांनी होणारं नुकसान वाढतं, त्यामुळे एकूण हिसमध्ये फरक फारसा पडत नाही. माझा कौल १:१० ला, एका अटीवर: तुमच्या एमएम स्टेजचा गेन ४० डेसिबलच्या आसपास असावा. तो ३४-३५ असेल तर व्हॉल्यूम खूप वर न्यावा लागेल, अशा वेळी १:१५ सारखं मधलं गुणोत्तर बघा.

इथे एक गोंधळ निस्तरतो. जुन्या जपानी ट्रान्सफॉर्मरवर '३ ओहम / ४० ओहम' असा स्विच असतो. तो लोड नव्हे. कोणत्या रोधाच्या कार्ट्रिजसाठी ती बाजू आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. ३ ओहमच्या बाजूला गुणोत्तर जास्त, ४० च्या बाजूला कमी. डीएल-१०३ ला ४० ची बाजू. ३ ची बाजू लावली तर आवाज मोठा येतो आणि लोक 'हीच बरी' म्हणून तिथेच ठेवतात. तुलना करायचीच तर दोन्हीकडे व्हॉल्यूम सारखा करून करा.

ट्रान्सफॉर्मर नको, इलेक्ट्रॉनिक हेड-ॲम्प (ट्रान्झिस्टरने सिग्नल वाढवणारा डबा) हवा, असंही तुमच्या मनात येईल. ४० ओहमच्या कार्ट्रिजला तो पर्याय खरोखर चांगला आहे, आणि ट्रान्सफॉर्मरवाले हे सहसा कबूल करत नाहीत. तोशिबाचा २एसके१७० हा जेफेट, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर (आता बंद झाला, लिनिअर सिस्टिम्सचा एलएसके१७० त्याची जागा घेतो) साधारण ०.९ नॅनोव्होल्टचा, म्हणजे ४९ ओहम. एकटा लावला तर डीएल-१०३ समोर साडेतीन डेसिबल नुकसान. पण चार समांतर लावले तर गोंगाटी रोध चौथाई होतो, १२ ओहम. ४७० ओहमच्या लोडसह नुकसान दीड डेसिबलच्या आसपास. ट्रान्सफॉर्मरपेक्षा चांगलं! करंट नॉइज नगण्य, तांबं नाही, चुंबकीय हम जवळपास नाही. एसपीयूला मात्र हेच चार जेफेट साडेआठ डेसिबल खातात, तिथे ट्रान्सफॉर्मरचं राज्य अबाधित. कमी रोधाच्या कार्ट्रिजसाठी करंटवर चालणाऱ्या फोनो स्टेजही मिळतात, पण त्या ४० ओहमवाल्यांसाठी नाहीत; डीएल-१०३ वर त्यांचा गेन बसतो.

हेड-ॲम्प घेतलात तर लोडचा स्विच जपून फिरवा. बहुतेक डबे १०० ओहमवर ठेवून येतात, कारण 'एमसी म्हणजे १००' ही सवय. ४० ओहमच्या कार्ट्रिजला १०० चा लोड लावला तर सिग्नल जवळजवळ ३ डेसिबल उतरतो, आणि कार्ट्रिजचा गोंगाट मात्र दीडच उतरतो. दीड डेसिबल फुकट गेले. वर सिग्नल लहान झाल्यामुळे ॲम्प्लिफायरचा १२ ओहमचा गोंगाट आता २४ सारखा लागतो. सगळं धरून दीडचे तीन झाले. ४७० किंवा १००० वर ठेवा. वरचा आवाज जरा मोकळा होईल. तो आवडला नाही तर खाली आणा, पण हिस वाढली अशी तक्रार मग करू नका. काही हेड-ॲम्पमध्ये इनपुटला कपॅसिटर नसतो आणि ट्रान्झिस्टरचा बायस करंट कॉइलमधून वाहतो. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. उत्तर टाळलं तर डबा टाळा.

जाहिरातीतला 'सिग्नल टू नॉइज ८० डेसिबल' हा आकडा कसा वाचायचा? आधी बघा तो कोणत्या इनपुट व्होल्टेजला धरलाय. ०.५ मिलिव्होल्टला ८० म्हणजे तुमच्या ०.३ ला साडेपंच्याहत्तर. मग बघा मोजताना इनपुट शॉर्ट होतं का. बहुतेकदा होतं. शॉर्ट इनपुटला कार्ट्रिजचा गोंगाट नसतो, करंट नॉइज दिसत नाही, त्यामुळे आकडा देखणा येतो. ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी धरायची रीत) लावलं की आणखी देखणा. गोंगाट इनपुटच्या बाजूने किती, असा नॅनोव्होल्टचा आकडा दिलेला डबा मला जास्त प्रामाणिक वाटतो, तो आकडा ६० च्या गुणाकारात घालता येतो. कार्ट्रिजच्या आउटपुटमध्येही असाच खेळ आहे: कोणी सुईच्या ५ सेंटिमीटर प्रति सेकंद हलण्याच्या वेगाला मोजतं, कोणी ३.५४ ला. दोन्हींत बरोबर ३ डेसिबलचा फरक आहे, तो जुळवल्याशिवाय दोन कार्ट्रिजची तुलना करू नका.

डबा घरी आल्यावर तोच गुन्हेगार आहे का हे पाहायची चाचणी सोपी आहे. व्हॉल्यूम शून्यावर आणा, स्टेप-अपच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं एकमेकांना जोडणारा) लावा, हळूहळू नेहमीच्या जागी आणा आणि हिस ऐका. पुन्हा शून्य, प्लग काढून कार्ट्रिज जोडा, तोच व्हॉल्यूम. कार्ट्रिज जोडल्यावर हिस स्पष्ट वाढली तर डबा कार्ट्रिजपेक्षा शांत आहे, आणखी पैसे घालून फारसं काही हाती लागणार नाही. फरक कळलाच नाही, तर गोंगाट डब्याचा किंवा त्याच्या मागच्या एमएम स्टेजचा.

आता हम. रिआ इक्वलायझेशनमध्ये ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १७ डेसिबल जास्त गेन असतो, १०० हर्ट्झला १३. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे फोनो स्टेज हमला जणू हात धरून आत घेते, आणि त्याआधी ट्रान्सफॉर्मरने तो दहापट केलेला असतो. ट्रान्सफॉर्मर हा चुंबकीय क्षेत्राचा अँटेनाच, म्हणून चांगले ट्रान्सफॉर्मर म्यूमेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) डब्यात बंद असतात. तरी जागा महत्त्वाची. आपल्याकडच्या घरांत व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर असतात. दोन्हींच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याचं क्षेत्र भिंतीपलीकडेही पोचतं. स्टॅबिलायझर ऑडिओ रॅकच्या खालच्या फळीवर ठेवलेला असेल तर आधी तो हलवा. स्टेप-अपही ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. लांब वायरींना बांधून न ठेवता, व्हॉल्यूम थोडा वर करून, स्टेप-अप हातात धरून हळूहळू फिरवा: एका कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो. तो कोन सापडला की तिथेच बसवा.

अर्थिंगबद्दल दोन शब्द, कारण यात लोक धोका पत्करतात. टोनआर्मची काळी किंवा हिरवी बारीक तार स्टेप-अपच्या स्क्रूला, आणि स्टेप-अपपासून एक तार ॲम्प्लिफायरच्या फोनो अर्थला. इतकंच. दोन वाटांनी अर्थ मिळाला तर लूप होतो आणि हम वाढतो. एक एक तार काढून बघा, जिच्याशिवाय शांत तीच रचना ठेवा. पण तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढणं किंवा तिच्यावर टेप लावणं, हे कधीही नाही. हम जातो, आणि ॲम्प्लिफायरमध्ये काही फुटलं तर चेसिसवर २३० व्होल्ट तुमची वाट पाहत राहतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ते आधी तपासून घ्या. मी पाहिलेल्या हट्टी हमपैकी निम्मे तरी तिथेच संपतात.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. ०.३ मिलिव्होल्टच्या वाटेतला प्रत्येक जोड स्वच्छ हवा. हेडशेलच्या चार बारीक टॅग, आर्मचा कनेक्टर, आरसीए प्लग यांवर दमट हवेत काजळी धरते, विशेषतः किनाऱ्यावर. मग एका बाजूचा आवाज कमी-जास्त होतो, कुरकुर येते, आणि दोष मात्र ट्रान्सफॉर्मरला दिला जातो. प्लग एकदा काढून, फिरवून परत बसवा. टॅग काढताना पक्कड कार्ट्रिजच्या पिनेवर नव्हे, टॅगच्या मानेवर धरा.

जुना ट्रान्सफॉर्मर घेत असाल तर मोह होईल की मल्टिमीटरने वाइंडिंग मोजावं. मोजू नका. मीटरचा डीसी करंट त्या नाजूक कोअरला चुंबकत्व देतो, आणि मग ते काढत बसावं लागतं. कार्ट्रिजच्या कॉइललाही मीटर लावायचा नाही. विकणाऱ्याकडे वाजवून बघा: दोन्ही चॅनेल सारखे, कुरकुर नाही, डबा ठोकल्यावर आवाज नाही, पुरे.

नावं हवीत तर: डीएल-१०३ साठी डेनॉनचाच जुना एयू-३००एलसी, १:१० चा, तिच्यासाठीच बनवलेला, सेकंड हँड बाजारात अधूनमधून दिसतो. अमेरिकेच्या जेन्सनचा जेटी-४४के-डीएक्स, १:१०, पण तो सुटा येतो, डबा आणि सॉकेट तुम्ही बनवायचे. हात बसलेला असेल तर मी हाच मार्ग निवडेन, कारण ब्रँडच्या सुंदर पेटीत बऱ्याचदा याच दर्जाचा ट्रान्सफॉर्मर दुप्पट-तिप्पट पैशांना मिळतो. बाहेरून मागवताना आयात शुल्क आणि कुरिअर धरूनच तुलना करा.

आणि एक गोष्ट, जी डबे विकणारा कोणी सांगणार नाही. तुम्हाला शांतताच हवी असेल तर कार्ट्रिजकडे बघा. डीएल-१०३ ही साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी घडली. मजबूत, भरवशाची, पण ४० ओहमची. तिचीच बहीण डीएल-१०३आर, १४ ओहम आणि ०.२५ मिलिव्होल्ट. सिग्नल दीड डेसिबल कमी, गोंगाट साडेचार डेसिबल कमी, म्हणजे जन्मतःच ३ डेसिबल शांत, आणि आर्म तोच चालतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-ओसी९एक्स मालिकेत १२ ओहम आणि ०.४ मिलिव्होल्ट असतात, हिशेबाने साडेसात डेसिबलचा फायदा. डीएल-१०३ चा चांगला स्टेप-अप बदलून इतका फरक पडणार नाही. अर्थात ओसी९ ची सुई जास्त लवचीक, तिला डीएल-१०३ ला लागतो तसा जड आर्म नको. तुमचा आर्म कोणता हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून यापुढे जात नाही.

हे सगळं कितपत ऐकू येईल? खरं सांगायचं तर सिनेसंगीताच्या, वाजवून गुळगुळीत झालेल्या एलपीवर नाही. कोलकात्याजवळच्या डमडमच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यातून आलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच एलपींच्या खोबणीचाच खरखराट चांगल्या स्टेप-अपच्या हिसपेक्षा मोठा असतो. पण विलंबित ख्यालाची चांगली जपलेली एलपी लावा, सुरुवातीला नुसता तानपुरा आहे, गायकाने अजून षड्ज लावलेला नाही. तिथे हम असेल तर तानपुऱ्याच्या खर्जात मिसळून त्याचा सूर गढूळ करतो, आणि हिस जवारीच्या वरच्या झंकारावर धूळ धरते. दोन-तीन डेसिबलचा फरक मला तिथे कळतो. चाचणीची रेकॉर्ड म्हणून मी तशीच ठेवतो.

शेवटी तुमचा केबलचा प्रश्न. टर्नटेबल ते स्टेप-अप ही बाजू कमी रोधाची, तिथे एक-सव्वा मीटर चालेल, शिल्डिंग मात्र चांगलं हवं. स्टेप-अप ते ॲम्प्लिफायर ही बाजू हजारो ओहमची आहे. तिथे केबलचा कपॅसिटन्स आणि ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स मिळून वरच्या टोकाला उंचवटा तयार करतात. ती अर्ध्या मीटरपर्यंत ठेवा, कमी पिकोफॅरडची घ्या, आणि ॲम्प्लिफायरच्या एमएम इनपुटला कपॅसिटन्सचा स्विच असेल तर तो सर्वांत कमीवर. आधी आर्मचं नाव आणि ॲम्प्लिफायरचं मॉडेल कळवा. एमएम स्टेजचा गेन पाहून १:१० की १:१५ ते नक्की सांगतो.